बायबलमधल्या स्त्रीवर मराठी कादंबरी: वचनापासून छापील प्रतीपर्यंत

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात ४ अध्याय आणि ८५ वचने आहेत. चौथ्या अध्यायात वेशीत बसलेली माणसे विधवा रूथच्या दुसऱ्या लग्नाचा निर्णय करतात, लग्न होते, मुलगा होतो, शेजारणी त्याचे नाव ओबेद ठेवतात. या सबंध अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. तिची सासू नामीसुद्धा बोलत नाही. कादंबरीकाराची जागा नेमकी इथे आहे. जे लिहिलेले आहे ते मोडायचे नाही, आणि जिथे शास्त्र, म्हणजे बायबल, गप्प आहे तिथे धीटपणे लिहायचे. हा लेख या एका नियमावर उभा आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात राहून मराठीत अशी कादंबरी लिहू आणि छापू पाहणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे.

कोणावर लिहायचे

आवडती व्यक्तिरेखा आणि कादंबरीला पुरणारी व्यक्तिरेखा एकच असेल असे नाही. शत्रूच्या सेनापतीला मारणाऱ्या याएलची गोष्ट जबरदस्त आहे, पण ती एका तंबूत आणि एका दुपारी घडते. तिची कथा किंवा दीर्घकथा होईल, २०० पानांची कादंबरी ओढूनताणून होईल. कादंबरीसाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे काही वर्षांचा पट, आणि दुसरी म्हणजे स्त्रीने स्वतः घेतलेला निदान एक निर्णय.

मीखल या कसोटीला पूर्ण उतरते. ती शौल राजाची मुलगी. तिचे दावीदावर प्रेम बसले असे १ शमुवेल १८:२० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. लग्नानंतर ती त्याला खिडकीतून खाली सोडून बापापासून वाचवते. पुढे बाप तिला पालटी नावाच्या दुसऱ्याच पुरुषाला देऊन टाकतो. वर्षांनी दावीद तिला परत मागवतो, तेव्हा हा दुसरा नवरा बहूरीमपर्यंत रडत तिच्या मागे चालत येतो. शेवटी ती दावीदाला खिडकीतून नाचताना बघते आणि तिच्या मनातून तो उतरतो. दोन खिडक्या, दोन नवरे, एक राजा बाप. एवढी बांधीव सामग्री मिळूनही मराठीत तिच्याकडे फार कमी लेखक वळतात.

अबीगईल, हागार, एस्तेर, तामार याही पुरतात. गणनाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. सातबाऱ्यावरच्या नावांवरून ज्या घरांत भाऊ-बहिणी बोलत नाहीत, त्या घरांतल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मग्दालीया मरीयेवर लिहायचे असेल तर आधी एक गैरसमज काढून टाका. ती वेश्या होती असे शुभवर्तमानात कुठेही नाही. लूक ८:२ मध्ये तिच्यातून सात भुते निघाली एवढेच आहे. लूकच्या ७ व्या अध्यायातली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया यांना एकच मानण्याची प्रथा पश्चिमेकडच्या मंडळीत (चर्चमध्ये) पोप ग्रेगरी यांच्या ५९१ च्या प्रवचनानंतर रुजली. या जुन्या गोंधळावर कादंबरी उभारली, तर जाणता वाचक पहिल्या तीस पानांत पुस्तक मिटतो.

तीन रकान्यांची वही

एक ओळही लिहिण्याआधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: शास्त्र काय सांगते, काय सांगत नाही, आणि कशाबद्दल मतभेद आहे. व्यक्तिरेखेचा उल्लेख असलेले प्रत्येक वचन पहिल्या रकान्यात अध्याय-वचन क्रमांकासह उतरवा. हे हाताने करा. कॉपी-पेस्ट केलेले वचन डोळ्यांखालून जाते, मनात राहत नाही.

दुसरा रकाना सर्वांत लांब होईल. रूथच्या बाबतीत तिथे हे प्रश्न येतील: तिचा पहिला नवरा महलोन कशाने गेला? तिच्या माहेरच्या देशात, मवाबात, दहा वर्षे राहून मूल का झाले नाही? तिच्या आईचे घर किती दूर होते? तिची जाऊ अर्पा परत फिरली त्यानंतर रूथ तिची आठवण काढते का? हे प्रश्न म्हणजे तुमची प्रकरणे.

तिसऱ्या रकान्याचे उदाहरण मीखलचेच. २ शमुवेल ६:२३ म्हणते की तिला मरेपर्यंत मूल झाले नाही. २१:८ मध्ये मात्र काही हस्तलिखितांत तिच्या पाच मुलांचा उल्लेख येतो, तर काहींत तिथे तिची बहीण मेरब आहे. यातला एक पाठ निवडा आणि त्यावर ठाम राहा. दोन्ही वापरायला गेलात तर शेवट फसतो. एस्तेरच्या बाबतीत प्रश्न याहून मोठा आहे. हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही, पण कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या ग्रीक पुरवणीत एस्तेरची प्रार्थना आहे. तुमची एस्तेर देवाशी बोलते की नाही, हे कोणता पाठ हाताशी धरता त्यावर ठरेल.

निनावी स्त्रियांना नाव देताना त्या काळच्या नावांतूनच द्या. मिल्का, तिरसा, पनिन्ना अशी नावे शास्त्रातच आहेत. इफ्ताहच्या मुलीला ग्रीक नाव दिले तर हजारेक वर्षांची गफलत होते. हेरोदियेच्या मुलीचे सलोमी हे नावसुद्धा शुभवर्तमानात नाही, ते इतिहासकार जोसेफसकडून आले आहे.

जमीन, पाऊस आणि धान्य

कोल्हापूरच्या लेखकाला इथे मोठा फायदा आहे. धोकाही इथेच आहे. सरवा (कापणीत मागे पडलेली कणसे) वेचणे, खळे, मळणी, उफणणी, रास हे सगळे शब्द आपल्या गावांत जिवंत आहेत. मुंबईच्या वाचकाला तळटीप लागेल तिथे करवीर-कागलच्या वाचकाला चित्र दिसते. पण दिसणारे चित्र आपल्या शिवाराचे असते, रूथच्या सासरच्या बेथलेहेमाचे नसते, म्हणून फरक हाताने दाखवावा लागतो.

पहिला फरक पावसाचा. आपल्याकडे मृगापासून पाऊस धरतो. तिकडे पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. सातूची कापणी एप्रिलच्या सुमारास सुरू होते, गहू त्यानंतर येतो. कापणीच्या दिवसांत ढगही नसतात. म्हणूनच १ शमुवेल १२:१७ मध्ये गव्हाच्या कापणीत पडलेला पाऊस हे देवाचे चिन्ह ठरते. रूथ सरवा वेचत असताना तुम्ही वळवाची सर आणली, तर नकळत चमत्कार लिहून बसाल.

दुसरा फरक उफणणीचा. आपल्याकडे उंचावर उभे राहून पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडतात. तिकडे लाकडी दाताळ्याने मळलेले धान्य वर उडवतात. हे काम दुपारनंतर आणि संध्याकाळी चालते, कारण समुद्राकडचा वारा तेव्हा सुटतो. रूथशी पुढे लग्न करणारा बवाज रात्री खळ्यावर राशीच्या टोकाला झोपतो तो राखणीसाठी, एवढे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हा नियमही अनुवाद २५:४ मध्ये आहे. एका ओळीत तो बैल दाखवला की खळे खरे वाटते.

तिसरी गोष्ट वाटेची. मवाबाहून मृत समुद्राच्या उत्तर टोकाला वळसा घालून बेथलेहेमला यायचे, तर यार्देनेचे खोरे समुद्रसपाटीखाली सुमारे ४०० मीटर आणि बेथलेहेम सुमारे ७७५ मीटर उंच. म्हणजे शेवटच्या टप्प्यात ११०० मीटरहून जास्त चढ, कोल्हापूरहून पन्हाळ्याला चढून जाण्याच्या अडीच-तीन पट. थकलेली नामी ही वाट आठवड्याच्या आत काढणार नाही. ‘त्या दोघी बेथलेहेमास पोहोचल्या’ या एका वाक्यात एक अख्खे प्रकरण लपलेले आहे.

वस्तूंची यादी वेगळी करा. शास्त्यांच्या, म्हणजे राजे येण्याआधीच्या रूथच्या काळात नाणे नव्हते. चांदी तोलून द्यायची, आणि एक शेकेल साधारण ११ ग्रॅमचा. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका नव्हते. काचेची खिडकी नव्हती. सामान्य माणसाकडे गाढव असे, घोडा नाही. पदर, कुंकू, मंगळसूत्र हे सवयीने लेखणीतून उतरते, त्यावर दुसऱ्या वाचनात लक्ष ठेवा. वेशीत व्यवहार पक्का करताना पायतण काढून देण्याचा जो प्रसंग आहे (रूथ ४:७), तिथे ‘चप्पल’ एवढेच लिहिले तर आपल्या वाचकाला करकरणारी कापशी कोल्हापुरी दिसेल. तळवा आणि चामड्याच्या वाद्या असे लिहून मोकळे व्हा.

मापे समजून घेतली की प्रसंग आपोआप उघडतात. १ शमुवेल २५ मध्ये अबीगईल घाईघाईने २०० भाकरी, २ बुधले द्राक्षारस, ५ कापून तयार केलेली मेंढरे, ५ मापे भाजलेले धान्य, खिसमिसाचे १०० घड आणि अंजिराच्या २०० वड्या गाढवांवर लादते. एवढे अन्न तयार कसे होते? कारण घरात लोकर कातरणीची जेवणावळ चालू होती, आणि २५:३६ म्हणते की ती राजाच्या मेजवानीसारखी होती. म्हणजे तिने नवऱ्याच्या पंगतीतले अन्न उचलले. माप वाचताना हे लक्षात आले तर तिच्या धाडसाचे वजन कळते.

रूथ २:१७ मधला एफाभर सातू म्हणजे सुमारे २२ लिटर, वजनाने तेरा किलोच्या आसपास. हे कळल्यावर ‘रूथने सरवा वेचला व ती घरी गेली’ हे वाक्य असे होऊ शकते:

‘दिवस कलला तशी तिनं वेचलेली कणसं एका जागी ओतली आणि काठीनं झोडपायला घेतली. पहिले चार तडाखे मातीवरच बसले. दाणे पांघरुणात भरले तेव्हा गाठ बसेना, म्हणून तिनं चारी कोपरे एकत्र पिरगाळून धरले. वेशीपर्यंत ओझं दोनदा एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं. नामीनं ते एका हातानं उचलून पाहिलं, उचललं नाही. मग तिनं मान वर केली आणि सुनेकडं बघितलं.’

इथे एकही वचन मोडलेले नाही. सासूने पाहिले एवढेच शास्त्र सांगते. कसे पाहिले, ते आपले.

संवादाची भाषा

दोन टोके टाळा. जुन्या भाषांतराची वळणे सबंध पुस्तकभर चालवली तर ते उपासनेतल्या वाचनासारखे होते. ठसकेबाज कोल्हापुरी वापरली तर नामी आपल्या गल्लीतली सासू होते आणि वाचक नको तिथे हसतो. साधी ग्रामीण वळणाची, पण कोणत्याही एका तालुक्याची न वाटणारी मराठी ठेवा. शास्त्यांच्या काळातल्या बेथलेहेमात दरबार, फर्मान, हुजूर असले शब्द नकोत. शूशनच्या राजवाड्यात ते शोभतात, कारण ते फारसीतूनच आले आहेत आणि एस्तेरची गोष्टही पारसाच्या राजवाड्यातलीच आहे.

नामी रूथला ‘मुली’ म्हणते, म्हणून रूथने तिला ‘आई’ म्हणणे जुळते. ‘आत्याबाई’ म्हटले की आपल्याकडे आतेभावाशी लग्नाचा अर्थ चिकटतो. आणखी एक खबरदारी. शाहू महाराजांच्या विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्याचा वारसा सांगणाऱ्या या भागात बवाजाला समाजसुधारक करण्याचा मोह फार होतो. करू नका. तो आपल्या नियमशास्त्रातले जवळच्या नातलगाचे कर्तव्य पार पाडतो आहे, आणि त्याला ती स्त्री आवडली आहे. एवढे पुरते.

नावांचे लेखन बायबल सोसायटीच्या मराठी ‘पवित्र शास्त्र’प्रमाणे ठेवा: बवाज, दावीद, अहश्वेरोश, मर्दखय. सुरुवातीलाच सगळ्या नावांची यादी करून ठेवली नाही, तर पुस्तकात ‘बोअज’ आणि ‘बवाज’ दोघेही वावरतात, आणि हे मुद्रितशोधनात हमखास निसटते.

मसुदा आणि वाचून घेणे

पहिल्या कादंबरीला ६०,००० शब्द योग्य. २४-२५ प्रकरणे, प्रत्येकी सुमारे २,४००. रोज ४०० शब्द धरले तर पाच महिने लागतात. मग मसुदा महिनाभर बाजूला ठेवा आणि पुनर्लेखनाला दोन ते तीन महिने द्या.

बिघडते ते बहुधा मधल्या एक तृतीयांश भागात. सुरुवात आणि शेवट शास्त्राने दिलेले असतात, मध्ये मात्र लेखक प्रवचन देऊ लागतो. व्यक्तिरेखा सलग पाच ओळी देवाच्या योजनेबद्दल बोलू लागली, की तिच्या हातात काम द्या: दळण, पाणी, मेंढरू. ते काम करता करता ती जे बोलेल, तेवढेच ठेवा.

मसुदा तीन प्रकारच्या वाचकांना द्या. शास्त्राचा अभ्यास असलेले पाळक किंवा शिक्षक. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकलेली बाई. आणि जिला ही गोष्ट अजिबात माहीत नाही अशी वाचक. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण मराठीत बहुसंख्य वाचक तसेच आहेत. तिला कुठे अडले तिथे खूण करायला सांगा, मत विचारू नका. जमल्यास बेने इस्रायल समाजातल्या कोणाला दाखवा. हे मराठी बोलणारे यहुदी आहेत आणि रूथ, एस्तेर यांची गोष्ट मुळात त्यांच्या शास्त्रातली आहे. नव्या करारातल्या स्त्रीवर लिहिताना यहुदी माणसे सरसकट खलनायक झाली आहेत का, हे त्यांच्या नजरेला लगेच दिसेल.

हक्क आणि परवानग्या

वचने जशीच्या तशी छापायची असतील तर कोणत्या भाषांतरातून घेता ते पाहा. बायबल सोसायटीच्या भाषांतरावर तिचा हक्क आहे, म्हणून लांब उतारे घेण्याआधी लेखी परवानगी मागा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले भाषांतर हक्कमुक्त झाले आहे. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि आपल्याकडे हक्काची मुदत ६० वर्षांची आहे.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची लेखकाची टीप द्या: कोणते प्रसंग शास्त्रातले, कोणते कल्पित, मतभेदाच्या जागी कोणता पाठ घेतला. मंडळीतल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. प्रामाणिक टीप तुमचा हेतू नोंदवून ठेवते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतो. तो मुखपृष्ठ छपाईला जाण्याआधी हातात हवा, म्हणून अर्ज लवकर करा. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. करायची असल्यास साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.

प्रकाशक की स्वतः

प्रकाशकाला पाठवताना दोन पानी सारांश, पहिली तीन प्रकरणे आणि अर्ध्या पानाचा परिचय युनिकोडमध्ये पाठवा. सर्वसाधारण प्रकाशक ‘धार्मिक’ म्हणून बाजूला ठेवतो, ख्रिस्ती प्रकाशक सिद्धांत तपासत वाचतो. त्यामुळे सारांशाची पहिली ओळ वेगळी हवी. पहिल्याला लिहा: ‘बापाने एकदा आणि नवऱ्याने एकदा, अशी दोनदा हलवली गेलेली राजकन्या.’ दुसऱ्याला आधी शास्त्रभाग सांगा. उत्तराला तीन ते सहा महिने धरा.

करारात आवृत्तीची प्रतसंख्या, मानधनाची टक्केवारी (साधारण १० ते १५) आणि मुदत आकड्यांत हवी. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि अनुवादाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. लेखकाने ठरावीक प्रती विकत घ्याव्यात असे कलम असेल, तर ते खरे तर स्वखर्चाचे प्रकाशन आहे असे समजूनच सही करा.

स्वतः छापताना

डेमी आकाराच्या पानात मराठीचे सुमारे २८० शब्द बसतात. ६०,००० शब्दांची २१४ पाने, त्यात मुखपानांची १० मिळवली की २२४, म्हणजे १६ पानी बरोबर १४ फर्मे (फर्मा म्हणजे एका तावावर एकत्र छापली जाणारी पाने). पानसंख्या फर्म्याला आणून बसवा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. एका फर्म्याला ५०० प्रतींसाठी डेमीचे एक रीम (५०० ताव) लागते. म्हणजे १४ रीम, अधिक वायाला पाच टक्के. आत ७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) नॅचरल शेड, वर ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. पाठीची जाडी साधारण ११ मिलिमीटर येईल, पण मुखपृष्ठ पक्के करण्याआधी प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी मागून मोजा. शे-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडते, पाचशेला ऑफसेट.

अक्षरजुळणीत घोळ होतो तो फाँट बदलताना. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या श्रीलिपी फाँटात नेला की ‘ऱ्य’, रफार आणि काही जोडाक्षरे तुटतात. शब्द शोधून ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘यार्देन’ हे आधी तपासा. मुद्रिते (तपासणीच्या छापील प्रती) तीन काढा. शेवटचे लेखकाने न वाचता दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. स्वतः लिहिलेली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही.

मुखपृष्ठावर गोऱ्या, सोनेरी केसांच्या बायका नकोत. कलानिकेतन आणि दळवीज या कलाशाळांतून शिकलेले उत्तम चित्रकार कोल्हापुरात आहेत. त्यांना प्रसंग वाचायला द्या आणि चित्र पुढील आवृत्त्यांत व ई-पुस्तकावर वापरण्याचा हक्क लेखी घ्या.

किंमत आणि विक्री

समजा एका प्रतीचा खर्च ९० रुपये आला आणि छापील किंमत ३५० ठेवली. वितरक ४५ टक्के घेतो, हातात साधारण १९२ येतात, आणि ५०० प्रतींचा ४५,००० खर्च सुमारे २३५ प्रतींवर निघतो. स्वतः २० टक्के सवलतीने विकले तर प्रतीमागे २८० येतात आणि १६१ प्रती पुरतात. म्हणून पहिल्या दोनशे प्रती मंडळ्यांमधून आणि ओळखीतून स्वतः विका, बाकीच्या वितरकाकडे द्या.

वेळापत्रक महत्त्वाचे. ऑगस्टपासून प्रेसवाले दिवाळी अंकांत आणि मग दिनदर्शिकांत अडकतात. नाताळला पुस्तक हवे असेल तर जूनमध्ये फाइल द्या. स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी दुसरी चांगली वेळ म्हणजे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणारा महिलांचा जागतिक प्रार्थना दिन. त्या दिवशी सर्व मंडळ्यांच्या बायका एकत्र येतात. परीक्षणासाठी ख्रिस्ती मासिकांबरोबरच शहरातल्या दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना प्रत द्या. १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय इथे एकेक प्रत स्वतः नेऊन द्या.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. नवे प्रकाशक हे हटकून विसरतात. टपालाने विकताना २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा लागू होते का ते पोस्टात विचारा. तिचे दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून सुरू होतात आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले लागते. पाकिटात घालण्याआधी एका प्रतीचे वजन करून घ्या. २२४ पानांचे डेमी पुस्तक ३०० ग्रॅमच्या काठावर येते, आणि जाड पुठ्ठा घातला की पुढच्या दरात जाते.